घर कामाला काढलंय, अन् लेकरं-जनावरं घरातच

एप्रिल लागला की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. गवंडी मिळतो, मुलांना सुट्टी असते, पावसाच्या आत उरकायचं असतं, म्हणून सगळे याच दीड-दोन महिन्यांत घर काढतात. आणि याच दिवसांत मुलं चोवीस तास घरात असतात, कुत्रं-मांजर उन्हाने हैराण झालेलं असतं. माझी सगळी नोकरी बांधकामांवर देखरेख करण्यात गेली आणि घरात कायम जनावरं राहिली, त्यामुळे ही पत्रं मी जरा जास्तच जीव लावून वाचते. माझं म्हणणं आधीच सांगते: कामाचा क्रम मिस्त्रीच्या सोयीने लावू नका. घरात जो जीव सगळ्यात लहान आहे, ज्याला स्वतःहून उठून बाहेर जाता येत नाही, त्याच्या सोयीने लावा. बाकी सगळं त्याच्या मागे.

प्रश्न : आमचं अमरावतीला पस्तीस-चाळीस वर्षांचं जुनं घर आहे. स्वयंपाकघराचा ओटा तोडून नवा करायचाय आणि पूर्ण घराला रंग द्यायचाय. मिस्टरांना रजा मे महिन्यातच मिळते. मुलगी सात वर्षांची, धाकटा दोन वर्षांचा, शिवाय एक गावठी कुत्री आहे, ती दुसऱ्या कुणाकडे राहत नाही. सासूबाई म्हणतात, मुलांना घेऊन माहेरी जा. मला वाटतं घरात राहिले तर कामावर लक्ष राहील. काय करू? – दोन लेकरांची आई, अमरावती

उत्तर : ताई, सासूबाईंचं अर्धं म्हणणं खरं आहे. महिनाभर माहेरी जाऊन बसायची गरज नाही, पण काही दिवस असे आहेत की त्या दिवशी धाकट्याने घरात असताच कामा नये. ते दिवस कोणते, हे मिस्त्री आणि रंगारी दोघांकडून आधीच लिहून घ्या. जुना ओटा आणि टाइल्स फोडायचा दिवस, ग्रॅनाइट कापायचा दिवस, जुना रंग खरवडायचे दिवस, आणि दारं-खिडक्यांना ऑइल पेंट किंवा पॉलिश लागेल ते दिवस. नळाची पाइप टाकणं, वायरिंगच्या पट्ट्या बदलणं, भिंतीला पाण्यातला रंग लावणं, या कामांच्या वेळी मुलं बंद दाराआड दुसऱ्या खोलीत असली तर चालतं.

सगळ्यात जास्त काळजी मला जुन्या रंगाची वाटते, आणि पत्रात तुम्ही त्याच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर कायद्याने मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून: दहा लाख भागांत ९० भाग, त्याच्या वर नाही. तुमच्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर, स्वयंपाकघरातल्या ऑइल पेंटच्या पट्ट्यावर त्याच्या कितीतरी आधीचे थर आहेत. त्यात शिसं असू शकतं. रंग भिंतीवर घट्ट बसलेला असतो तोवर त्याचा फारसा उपद्रव नाही. रंगाऱ्याने त्यावर कोरडा पॉलिश पेपर फिरवला की त्याची भुकटी होते आणि ती फरशीवर, गादीवर, खेळण्यांवर बसते. दोन वर्षांचं मूल फरशीवर लोळतं आणि हात तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या मानाने लहान मुलाच्या अंगात चार-पाच पट जास्त शोषलं जातं. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो, आणि वरून लगेच काही दिसत नाही. अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही.

म्हणून रंगाऱ्याला ठाम सांगा, जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही. पाण्याचा फवारा मारून ओला करायचा आणि पत्रीने खरवडायचा. ग्राइंडर लावायचा नाही, आणि रंग जाळून काढायचा दिवा तर मुळीच नाही, त्याच्या धुरातून शिसं थेट फुप्फुसात जातं. खाली प्लास्टिक अंथरायचं, पोपडे त्यातच गुंडाळून बाहेर न्यायचे. संध्याकाळी केरसुणी मारू नका, साबणाच्या पाण्याने ओलं पुसा आणि ते फडकं टाकून द्या. जिथला रंग पक्का आहे, पोपडे नाहीत, तिथे तो काढायचा हट्टच सोडा. ओल्या पेपरने हलका हात फिरवून वरून नवा रंग द्या. आधीच घरात कोरडी घासाई झाली असेल आणि मूल त्यात खेळलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना तसं स्पष्ट सांगा. रक्तातलं शिसं तपासता येतं.

ग्रॅनाइट आणि टाइल्स कटरवर पाणी सोडत, अंगणातच कापायला लावा. त्या धुळीत सिलिका, म्हणजे फुप्फुसांना इजा करणारी गारेची भुकटी असते आणि तिचा सगळ्यात बारीक भाग डोळ्याला दिसतही नाही. कापणाऱ्या माणसाला एन-९५ मास्क तुम्ही आणून द्या. तोंडाला रुमाल बांधून ती धूळ अडत नाही.

आता क्रम. आधी एक झोपायची खोली पूर्ण करून घ्या. रंग झाला, फरशी ओली पुसून झाली, दोन-चार दिवस खिडक्या उघड्या राहिल्या, वास गेला, की सगळे त्या खोलीत राहायला जा आणि मग स्वयंपाकघराला हात लावू द्या. सगळं घर एकदम काढा, लवकर होतं, असं मिस्त्री म्हणेल. त्याचं काम लवकर होतं, हे खरं. पण तेवढे दिवस मुलांना बसायला धूळ नसलेली एकही जागा उरत नाही. ओटा नसेल त्या दिवसांत शेगडी जमिनीवर मांडू नका. दोन वर्षांच्या मुलासाठी तो फार मोठा धोका आहे. उंच टेबलावर, भिंतीला लागून इंडक्शन ठेवा, त्याची वायर मागून घ्या, आणि त्या दिवसांत स्वयंपाक कमीत कमी करा. कैऱ्या उकडून, साखर-गुळात घोटून पन्हं आधीच भरून ठेवा, दहीभात आहे, शेजारणीला पोळ्या सांगा.

कूलरबद्दल वेगळं सांगते. रंग लावलेल्या खोलीच्या खिडकीत कूलर असेल आणि खोलीचं दार उघडं असेल, तर कूलर तो सगळा वास घरभर ढकलतो. काम चालू असताना त्या खोलीचं दार बंद, खिडक्या सताड उघड्या, आणि कूलर मुलांच्या खोलीत. काम चालू असलेल्या घरात वायरी ओढलेल्या असतात, तात्पुरत्या जोडण्या असतात, त्यातच लोखंडी कूलर आणि ओली फरशी. आपल्या भागात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, हे तुम्ही वाचत असालच. वायरिंगवाला घरात आलेलाच आहे, तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. आणि मुलांचा हात पोहोचतो तिथे कूलर नको.

तुमच्या कुत्रीचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण तिला काय चाललंय ते सांगता येत नाही. ग्राइंडरचा आवाज तिला आपल्यापेक्षा फार जास्त ऐकू येतो. बहुतेक वेळा होतं असं की मालाची गाडी येते, फाटक दिवसभर उघडं राहतं, आणि घाबरलेलं कुत्रं निघून जातं. काम सुरू व्हायच्या आधीच गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा. तिला गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बांधू नका. अमरावतीच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ला असताना, पत्र्याखाली बांधलेलं कुत्रं दुपारपर्यंत टिकणार नाही. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गादीला, तोही थोडा. त्याचं अंग थंड होतं ते धापा टाकून, आणि आजूबाजूची हवाच तापलेली असेल तर धापेचाही उपयोग होत नाही. निरोगी कुत्र्याचं अंग १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४च्या पुढे गेलं की धोका सुरू होतो आणि १०६ला जीव जाऊ शकतो. जोरजोरात धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, चालताना तोल जाणं, यातलं काही दिसलं तर सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओतत राहा, पंखा लावा आणि लगेच पशुवैद्याकडे न्या. ओला टॉवेल अंगावर घालून तसाच ठेवू नका, थोड्या वेळाने तोच उष्णता धरून ठेवतो. फिरायला सकाळी उन्हाच्या आत आणि रात्री. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघा, पाच-सात सेकंद धरवत नसेल तर तिचेही पाय भाजणार. दिवसभर ती मुलांच्याच खोलीत राहू द्या. तुमचा आवाज आणि मुलांचा वास असला की तिला बरं वाटेल.

कामाची वेळ सकाळी सात ते बारा आणि दुपारी चारनंतर, अशी ठरवून घ्या. मिस्त्रीलाही ती सोयीची असते. मधल्या वेळात मुलं झोपतात, कुत्री झोपते, आणि मजुरांनाही टेकायला मिळतं. त्यांच्यासाठी माठ भरून ठेवा, बसायला सावली द्या. बेगारी बाईबरोबर तिचं तान्हं लेकरू असेल तर ते वाळूच्या ढिगावर झोपवलेलं मी असंख्य वेळा पाहिलंय. तुमच्या धाकट्यासाठी जी धूळ वाईट, तीच त्याच्यासाठी. त्याला पडवीत जागा द्या, हे मी तुम्हाला हक्काने सांगते.

वाळूचा ढीग रोज संध्याकाळी ताडपत्रीने झाका. रात्री गल्लीतली मांजरं-कुत्री तिथे घाण करतात, त्यातून जंतांची अंडी वाळूत राहतात, आणि सकाळी तुमची मुलगी त्याच वाळूचा किल्ला करते. तिला ढिगावर खेळायला मजा येणारच. मग एका घमेल्यात चाळलेली वाळू वेगळी काढून द्या आणि खेळून झालं की हात धुवायला लावा. चुना आणि सिमेंट मात्र तिच्या हाताला लागता कामा नये. चुन्याचा कण डोळ्यात गेला तर डोळा चोळू न देता पंधरा-वीस मिनिटं नळाच्या धारेखाली धरायचा आणि तसंच डॉक्टरांकडे जायचं.

प्रश्न : पुण्यात आमचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. वॉर्डरोबचं काम सुरू झाल्यापासून मांजर पलंगाखालून बाहेर येत नाही. कालपासून खाल्लंही नाही. सुतारकाका म्हणतात, होईल सवय. – नवं घर घेतलेला, पुणे

उत्तर : दादा, सवयीची वाट बघू नका. मांजर दीड-दोन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो, लठ्ठ मांजराच्या बाबतीत तर फारच. हे वाचेपर्यंत ते खायला लागलं असेल अशी आशा करते, नसेल तर आजच डॉक्टरांकडे न्या. त्याला एक खोली किंवा बाथरूम पूर्णपणे द्या. तिथे त्याचा मातीचा ट्रे, पाणी, अंथरूण आणि तुमचा एखादा न धुतलेला शर्ट ठेवा. दाराला बाहेरून चिठ्ठी लावा, "उघडू नये". रात्री सुतार गेले, भुसा पुसला, की दार उघडा. रात्री ते स्वतःच फिरून सगळं हुंगून येईल.

तीन गोष्टी सुतारकाकांशी स्वतः बोला. पहिली, कप्प्याची मागची फळी किंवा फॉल्स सीलिंगचा शेवटचा तुकडा बसवण्याआधी मांजर कुठे आहे हे बघितल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही. मांजर अंधाऱ्या पोकळीत जाऊन बसतं आणि आत अडकलं तरी आवाज करेलच असं नाही. दुसरी, सनमायका चिकटवायच्या उग्र वासाच्या गोंदाचा आणि पॉलिशच्या थिनरचा डबा उघडा ठेवायचा नाही. तिसरी, खिडकीची जाळी किंवा ग्रील रंगवायला काढली तर त्याच दिवशी परत बसली पाहिजे. मधल्या वेळात ती खिडकी बंद. घरात लहान मूल असेल तर हीच गोष्ट दुप्पट जोराने.

आणि फरशी पुसायला काळं फिनाइल वापरू नका. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. ते पायाला लागतं आणि मांजर पाय चाटतं. अंगाला ऑइल पेंट लागला तर टर्पेंटाइन किंवा थिनर लावायचा नाही. खायचं तेल चोळून रंग सैल करा आणि सौम्य साबणाने धुवा, किंवा तेवढे केस कापून टाका. सुस्त वाटतंय म्हणून आपल्या घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका. मांजराला ती अगदी थोडी गेली तरी जिवावर बेतते.

प्रश्न : आजी, मी चौथीतून पाचवीत गेले. आमच्या घराच्या झरोक्यात चिमणीने घरटं केलंय. बाबा म्हणतात सोमवारी तिथे गिलावा करायचाय, घरटं काढावं लागेल. आत अंडी आहेत. तुम्ही बाबांना सांगा ना. – वर्धा

उत्तर : बाळा, बाबांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. चिमणीची अंडी साधारण अकरा ते चौदा दिवसांत फुटतात आणि पिल्लं त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांत उडून जातात. म्हणजे आज अंडी असतील तर फार तर चार आठवडे. बाबांना विचार, तो झरोका सगळ्यात शेवटी धरता येईल का? गिलावा उरलेल्या भिंतींपासून सुरू करता येतो, मिस्त्रीला ते अजिबात जड नाही.

तुझं काम बघत राहायचं, हात लावायचा नाही. चिमणा-चिमणी चोचीत अळ्या आणि किडे घेऊन आत जाताना दिसले की समज, अंडी फुटली. तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेव. त्या खोलीतला पंखा तेवढे दिवस बंद ठेवायला सांग, पंख्याला आपटून फार चिमण्या मरतात. अंगणात सावलीत, मांजराला उडी मारता येणार नाही अशा जागी, पसरट परळात पाणी ठेव आणि ते रोज बदल. पिल्लं उडाली की झरोका बंद होणारच, तेव्हा सुताराकडून उरलेल्या प्लायची पेटी करून घे. तिला सव्वा इंचाचं गोल भोक हवं. रंग किंवा पॉलिश लावायचं नाही. पश्चिमेचं ऊन लागणार नाही अशा भिंतीवर, बाबांच्या डोक्याच्याही वर ती टांगा. चिमणी लगेच येईल असं नाही. पण ही नाही, तर पुढची एखादी येईल.

प्रश्न : घराला रंग देतोय तर माशांची टाकी नुसती झाकून ठेवली तर चालेल का? – ठाणे

उत्तर : नुसती झाकून नाही चालणार, कारण हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे रंगाचा वासही. पंप बंदही करता येत नाही. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. टाकी दुसऱ्या खोलीत हलवा. ती मोठी असेल तर वर ओलं कापड टाका आणि लांब नळी लावून पंप तरी बाहेरच्या खोलीत ठेवा. पिंजऱ्यात लव्हबर्ड्स वगैरे असतील तर त्यांना रंग पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्याच्याच घरी पाठवा. पक्ष्यांची फुप्फुसं वासाला फार नाजूक असतात.

प्रश्न : लातूरला आमचं जुनं घर आहे. तिन्ही नातवंडं सुट्टीला आली आहेत, आणि गच्चीवर कोबा घालायचं कामही याच वेळी निघालंय. मुलं सारखी वर पळतात. त्यांना कामात घेऊ का, की खालीच कोंडून ठेवू? – आजोबा, लातूर

उत्तर : आजोबा, कोंडू नका. कोंडलेली मुलं भर दुपारी चोरून वर जातील. त्यांना वेळ ठरवून काम द्या. विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला की त्यावर माती-सिमेंटचे छोटे बांध घालून निदान सात दिवस पाणी साठवून ठेवावं लागतं. उन्हाळ्यात ते पाणी डोळ्यांदेखत आटतं, आणि सुकलं की कोब्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात, ज्या पहिल्या पावसातच गळतात. सकाळी सहाला आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पाणी किती राहिलं ते बघायचं, कमी असेल तर पाइपने भरायचं, ही राखण मुलांची. त्यांच्याइतकं मन लावून ती दुसरं कुणी करणार नाही. सोबत एक मोठं माणूस मात्र हवंच, कठड्याला टेकून कुणी उभं राहायचं नाही, आणि पायात चपला हव्यात. ते पाणी सिमेंटमुळे तिखट झालेलं असतं. त्यात अनवाणी उभं राहिलं तर कातडी सोलते. घरातलं कुत्रं वर येत असेल तर जिन्याचं दार लावून घ्या, नाहीतर तहानेला ते हेच पाणी पिईल.

डेंग्यूचा डास असल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि या उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो. म्हणून तीन-चार दिवसांनी पाणी खराट्याने ढवळून सोडून द्या आणि लगेच ताजं भरा. मोठ्या नातीला पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या शोधायला सांगा.

आणि खाली हौद असेल, तर आजच, मिस्त्री येण्याआधी, त्याचं झाकण बघा. कामाला पाणी लागतं म्हणून ते दिवसभर उघडं राहतं. सगळ्यात धाकटं नातवंड चार वर्षांच्या आतलं असेल तर नुसतं लक्ष ठेवून भागणार नाही. झाकणाला कडी-कुलूप लावा, किल्ली तुमच्या खिशात ठेवा, आणि मिस्त्रीला पाणी पंपाने काढून द्या. पाण्याचे उघडे ड्रम आणि भरलेल्या बादल्याही संध्याकाळी रिकाम्या करून पालथ्या घाला. लहान मूल बुडायला वीतभर पाणीही पुरतं, आणि ते बुडताना ओरडत नाही.

मृग लागतो तो ७-८ जूनला. त्याआधी पंधरा दिवस तरी कोबा पूर्ण होऊन, पाणी सोडून, नळीच्या तोंडांना जाळ्या बसायला हव्यात. मिस्त्रीशी आजच तारीख पक्की करा आणि ती त्याच्याच अक्षरात लिहून घ्या.